शिकण्याचं वेगळं, वाजवण्याचं वेगळं?

मंडळी, तेलगावात बसून आपण युरोपातल्या प्रिल्यूडबद्दल बोलणार, म्हणजे जरा लांबची गोष्ट वाटेल. पण भजन सुरू होण्याआधी पेटीवाला काय करतो ते आठवा. पट्टी धरतो, पखवाज सुराशी जुळतो, मग दोन-चार सुरावटी फिरवून पेटीवाला अभंगाला वाट करून देतो. प्रिल्यूडचा जन्म असाच आहे. वाद्य तपासायचं, बोटं मोकळी करायची, स्वर कानात बसवायचा.

१७१६ साली फ्रान्समध्ये कूपरँ याने वादनावर पुस्तक काढलं, त्यात आठ प्रिल्यूड दिले. आयत्या वेळी सुचत नाही त्यांनी हे पाठ करावेत, असा हिशोब. १७२० मध्ये बाखने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, फ्रीडेमानसाठी, वही घातली. तीत छोटे प्रिल्यूड आहेत. १७२२ च्या संग्रहात सर्वांत पुढे असलेल्या सी मेजर प्रिल्यूडचं आधीचं छोटं रूपही तीतच सापडतं.

हा प्रिल्यूड ३५ बारांचा, म्हणजे तालाची ३५ घरं. गुणगुणावी अशी चाल नाही. जवळजवळ प्रत्येक घरात बोटांची हालचाल तीच. मग ऐकावंसं का वाटतं? कारण खालचा स्वर सरकतो तसा वरच्या सुरांचा अर्थ बदलतो. शेवटाकडे तो पंचमावर रेंगाळतो, ताण वाढत जातो, आणि मग षड्ज येतो. बोटांना सोपं, कानाला खोल. मुलाला दिलं तेच मैफलीत चाललं. शोपँचे २४ प्रिल्यूड १८३९ मध्ये छापले गेले. त्यातला सातवा अवघ्या १६ बारांचा, तरी पूर्ण. त्याला कुणी अपुरा म्हणत नाही.

आमचं म्हणणं इथेच आहे. आमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी पेटी धरली. महिनोन्‌महिने अलंकार घोकले आणि एके दिवशी पेटी सोडली. अलंकार वाईट नाहीत, त्यांनी हात तयार होतो. पण ‘आज मी काहीतरी वाजवलं’ असं घरी जाऊन सांगता येईल, इतकी लहान पण पुरी रचना हातात पडली नाही. मोठा राग पुढे येईलच. त्याआधी यमनातली मिनिटभराची, सुरुवात-शेवट असलेली एखादी रचना मुलाला का देऊ नये?

इथल्या पेटीवाल्यांनी भजनाआधीच्या त्या सुरावटी शिकाऊ मुलांसाठी बांधून द्याव्यात. आपला प्रिल्यूड तिथंच आहे. फक्त त्याला धडा मानलेलं नाही, एवढंच.