‘यकृताची कोंडी’ आणि ताण : चिनी वैद्यकातील भावनोपचारांचे चिकित्सक वाचन



परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, निकालाच्या दिवशी काळजात धस्स होते, वसतिगृहात घरची आठवण आली की घशात आवंढा दाटतो. मराठीत आपण चिंता अशी शरीराच्या भाषेत बोलतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. चिनी वैद्यकाची भावनांविषयीची भाषा समजून घ्यायला हा अनुभव चांगला उपयोगी पडतो. तिथेही घशात आवंढा अडकल्याच्या भावनेला स्वतंत्र नाव आहे : ‘मेइहची’, म्हणजे आलुबुखारासारख्या फळाची बी घशात अडकावी तसे वाटणे. गिळता येत नाही, थुंकताही येत नाही.

प्रस्तुत पाठात या भाषेचे आणि तिच्या आधारावर आज ‘ताणमुक्ती’ म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांचे परीक्षण करायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. चिंतेकडे कसे पाहावे याबद्दल या परंपरेत शतकानुशतके वाद झाले. आज बाजारात त्या वादातून गोळी आणि सुई तेवढी उरली आहे, आणि गळून पडलेला भागच बहुधा अधिक मोलाचा होता.

कोष्टकातले यकृत

चिनी वैद्यकाचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडा, एक कोष्टक सापडेल. राग यकृताला बाधतो, अति हर्ष हृदयाला, अति विचार प्लीहेला, शोक फुप्फुसाला आणि भीती मूत्रपिंडाला. याचा उगम ‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात भावनांच्या गतीचेही वर्णन येते : रागाने ‘ची’ वर चढते, भीतीने खाली उतरते, शोकाने विरते आणि अति विचाराने तिची गाठ बसते. (‘ची’ म्हणजे देहातली चलनशील प्राणशक्ती, मराठीतल्या षष्ठीच्या प्रत्ययाशी गल्लत नको.) यातले यकृत शवविच्छेदनात दिसते तो अवयव नव्हे. ते कार्यांच्या एका समूहाचे नाव आहे. हे लक्षात न घेता ‘चिनी लोक रागाचे स्थान यकृतात मानत’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर ते अर्धेच बरोबर ठरेल.

आजच्या माहितीपुस्तिकांत हे कोष्टक आणखी आकसते. ताण म्हणजे यकृतातील ‘ची’ची कोंडी, आणि त्यावर उपाय ‘श्याओयाओ सान’ हे चूर्ण. नाव मोठे सुंदर आहे. ‘श्याओयाओ’ म्हणजे निश्चिंत, स्वच्छंद भटकणे. ‘च्वांगझी’ या ताओवादी ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. चूर्णात चायहू नावाचे मूळ, ज्येष्ठमध, आले, पुदिना अशी द्रव्ये असतात. सोंग राजवटीच्या काळातील सरकारी औषधसंग्रहात त्याची कृती आली आहे. पण तिथे ते कशासाठी सांगितले आहे, हे पाहण्याचे कष्ट पुस्तिका घेत नाहीत. मूळ नोंदीत थकवा, अंगदुखी, छातीतली धडधड, रात्रीचा घाम, अन्नावरची वासना उडणे आणि मासिक पाळीची अनियमितता अशी लक्षणे आहेत. ताण हा शब्द तिथे असणे शक्यच नव्हते. ज्या अर्थाने आपण तो आज वापरतो, त्याची शास्त्रीय मांडणी हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या लेखापासून सुरू होते.

कोंडीचेही तसेच. चिनी शब्द आहे ‘यु’. चौदाव्या शतकातील वैद्य झू दानशी यांनी सहा प्रकारचे ‘यु’ सांगितले : ‘ची’चा, ओलाव्याचा, उष्णतेचा, कफाचा, रक्ताचा आणि अन्नाचा. म्हणजे ही सबंध देहातल्या तुंबण्याची कल्पना होती. पुढच्या काळातील वैद्यांनी त्यातला भावनिक भाग अधिकाधिक पुढे आणला. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू येथे सरकारी महाविद्यालये निघाली, पाठ्यपुस्तके एकसाची झाली, आणि ‘यु, यकृत, भावना’ ही साखळी विद्यार्थ्यांना पाठ करण्याइतकी पक्की झाली. फोल्कर शाइड यांच्यासारख्या इतिहासकारांनी हा प्रवास तपशिलाने दाखवला आहे. तेव्हा ‘हजारो वर्षांचा ताणावरचा उपाय’ असे वाचाल, तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा.

टेबलावरचे ठोके

आता याच परंपरेतले एक वेगळे पान पाहू. झांग झिहे (मूळ नाव झांग छोंगझंग) हे बाराव्या-तेराव्या शतकातील वैद्य. त्यांच्या ‘रूमन शिछिन’ या ग्रंथात एका स्त्रीची हकीकत आहे. प्रवासात ती एका धर्मशाळेच्या माडीवर उतरली होती. रात्री दरोडेखोर आले, त्यांनी घरांना आगी लावल्या, आणि ती घाबरून पलंगावरून खाली पडली. त्यानंतर जरा आवाज झाला की ती भोवळ येऊन कोसळे. घरातली माणसे चवड्यांवर चालू लागली. वर्ष उलटले. आधीच्या वैद्यांनी हृदयाचा विकार समजून जिनसेंग, मोती, मन शांत करणाऱ्या गोळ्या असे सगळे देऊन पाहिले. गुण आला नाही.

झांग यांनी वेगळा विचार केला. दचकणे बाहेरून येते, कारण ते माणसाच्या नकळत घडते. भीती आतून उठते, कारण ती त्याला ठाऊक असते. त्यांनी तिला उंच आसनावर बसवले, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले, समोर एक बुटके टेबल ठेवले आणि ‘इकडे बघा’ म्हणत त्यावर लाकडाचा ठोका मारला. ती प्रचंड दचकली. ‘मी लाकडाने टेबल ठोकले, त्यात दचकण्यासारखे काय?’ असे त्यांनी विचारले. ती जरा सावरल्यावर पुन्हा ठोका, मग पुन्हा. पुढे दारावर काठी, मग पाठीमागच्या खिडकीवर ओरखडे. हळूहळू तिला हसू आले. त्या रात्री त्यांनी दारेखिडक्या पहाटेपर्यंत वाजवत ठेवायला लावल्या. काही दिवसांनी ढग गडगडले तरी ती दचकेना.

टेबल बुटके का होते, याचेही कारण त्यांनी दिले आहे. दचकल्यावर चित्त वर उसळते; खाली ठोका मारला की नजर खाली जाते आणि चित्त आवरते. इथे सिद्धान्त शोभेचा नाही, त्यावरून हाताची कृती ठरते आहे. ‘दचकलेल्याला शांत करावे’ या अर्थाच्या प्राचीन सूत्रातील ‘शांत’ हा शब्द त्यांनी ‘सरावाचे, नेहमीचे’ असा वाचला. एका शब्दाच्या अर्थनिर्णयावर उपचार उभा राहिला!

जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या, भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे नेणाऱ्या पद्धतीशी याचे साम्य दिसते. तरी ‘चिन्यांनी हे आधीच शोधले होते’ असे म्हणण्याचा मोह आवरा. ही एका वैद्याने स्वतःच सांगितलेली यशोगाथा आहे; फसलेल्या हकीकती ग्रंथात सहसा येत नाहीत. त्या स्त्रीला काय वाटले हे कुणी लिहून ठेवलेले नाही. तिचे हात धरून ठेवले होते, हेही विसरू नका. माझ्या मते या पानाचे मोल दुसऱ्या गोष्टीत आहे : औषध देऊन गुण येत नाही, तेव्हा दुखणे कुठून आले ते विचारावे, ही टीका परंपरेने स्वतःवरच केली आहे. माहितीपुस्तिकेत गोळ्या शिल्लक राहिल्या. टेबलावरचे ठोके राहिले नाहीत.

छांगशाचे शंभर रुग्ण

औषधाने काय साधते आणि काय निसटते, याचा आधुनिक काळातला सर्वात बोलका अभ्यास हूनान प्रांतातल्या छांगशा शहरातला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मध्ये तिथे ‘शेनजिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. गंमत म्हणजे हे निदान मुळात चिनी नाही. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ते रूढ केले आणि पुढे ते पूर्व आशियात पोहोचले. तिथे ते ‘ची’ची कमतरता, दुर्बल शरीर या जुन्या कल्पनांशी इतके मिसळले की परके वाटेनासे झाले.

रुग्ण डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, थकवा सांगत. अमेरिकन निकष लावल्यावर त्यांपैकी ८७ जणांना तीव्र नैराश्य असल्याचे आढळले. अनेकांना चिंताविकारही होते. यावरून ‘चिनी माणसाला मनाचे दुःख ओळखता येत नाही’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे होते. क्लाइनमन यांनी तो काढला नाही. बोलते केल्यावर लोक सगळे सांगत होते : सांस्कृतिक क्रांतीत झालेले हाल, न आवडणारे काम, नोकरीच्या नेमणुकीमुळे दूर शहरात राहणारा जोडीदार. पण उदास असणे हे त्या काळात राजकीय चुकीच्या विचारांचे लक्षण ठरू शकत होते. डोके दुखते म्हणणे सुरक्षित होते. त्यातून रजा मिळे, कधी बदलीचा अर्जही पुढे सरके.

नैराश्यावरच्या औषधांनी बहुतेकांची लक्षणे कमी झाली. तरी अनेकांना आपण बरे झालो असे वाटले नाही. कामाचा किंवा घरचा पेच सुटला की फरक पडे. म्हणजे गोळी पाश्चात्त्य असली तरी मर्यादा तीच. क्लाइनमन यांच्यावरही टीका करता येते. एका संस्कृतीतले निदान दुसरीवर लादण्याच्या चुकीला नाव त्यांनीच १९७७ मध्ये दिले, आणि इथे ८७ हा आकडा मिळाला तो अमेरिकन मोजपट्टीनेच. त्यांना याची जाणीव होती, म्हणून १९८६ च्या त्यांच्या पुस्तकात आकड्यांपेक्षा माणसांच्या कहाण्या जास्त जागा घेतात. वाचायचेच झाले तर त्या कहाण्या वाचा.

औषध, सुई आणि पुरावा

पुराव्याचे थोडक्यात सांगतो. नैराश्यासाठी अॅक्युपंक्चर या विषयावरच्या २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात ६४ अभ्यास आणि ७,१०४ सहभागी होते. काहीच उपचार न करण्यापेक्षा सुयांनी बरे वाटते, पण नकली सुयांशी तुलना केली की फरक लहान होतो, आणि एकूण पुराव्याची प्रत कमी, असे त्यात दिसते. चिंतेबाबतचे संशोधनही बरेचसे छोट्या प्रयोगांवर उभे आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे मात्र साफ चूक. चित्त शांत करणाऱ्या ‘झूशा आनशन’ या जुन्या गोळीत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असते. ‘ह शौ वू’ या लोकप्रिय मुळामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्या ओळखीचा ज्येष्ठमधही जास्त प्रमाणात, फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढवतो. चालू औषध मनाने बंद करू नका आणि घेत असलेले प्रत्येक चूर्ण डॉक्टरांना सांगा. बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

स्वाध्याय

अॅक्युपंक्चर भारतात नवे नाही. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातील बिजय कुमार बसू पुढे अॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवले. तुमच्या शहरातल्या अशा एखाद्या केंद्राचे ताणमुक्तीविषयीचे माहितीपत्रक मिळवा. त्यात शरीराविषयी किती वाक्ये आहेत आणि रुग्णाच्या कामाविषयी, घराविषयी, परीक्षेविषयी किती, ते मोजा. मग झांग यांच्या रुग्णाला आणि छांगशातल्या एखाद्या रुग्णाला ते पत्रक वाचून दाखवले, तर दोघे कोणता प्रश्न विचारतील, हे प्रत्येकी एका परिच्छेदात लिहा.