उणे अडीचची रेघ

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शाळेच्या सभागृहात हाडे तपासण्याचे मोफत शिबिर झाले. टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत छापील कागद हातात. बहुतेकांच्या कागदावर खूण पिवळ्या पट्ट्यात होती आणि खाली शब्द होता ‘ऑस्टिओपीनिया’. आमच्या पी.टी.च्या बाई छत्तीस वर्षांच्या. त्यांचा आकडा उणे १.४. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलींबरोबर लेझीम खेळणे सोडले, हाड मोडेल या भीतीने. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्या विकायला होत्या, हे सांगायला नकोच.

तो कागद मी घरी नेऊन नीट वाचला. आकडा खोटा नसेलही. पण त्यावरून काढलेले अनुमान टिकत नाही.

हा आकडा म्हणजे टी-स्कोअर. मोजलेल्या घनतेतून निरोगी तरुणांची सरासरी वजा करायची आणि उरलेल्या संख्येला प्रमाण विचलनाने भागायचे. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी अमेरिकेतील २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांची सरासरी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८६ ग्रॅम व प्रमाण विचलन ०.१२ धरतात. एखादीची घनता ०.७० आली, तर टी-स्कोअर उणे १.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ च्या अहवालात उणे २.५ व त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ ऑस्टिओपीनिया अशी विभागणी केली. ती होती रजोनिवृत्तीनंतरच्या गोऱ्या स्त्रियांसाठी. उणे अडीचवर रेघ ओढली, तर त्यांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रिया तिच्याखाली येतात आणि आयुष्यात हाड मोडण्याचा त्यांचा धोकाही साधारण तेवढाच, असा हिशेब होता. हाड त्या रेघेपाशी एकाएकी ठिसूळ होत नाही.

आता सामान्य वितरणाचा वक्र आठवा. निरोगी तरुणींपैकीच सुमारे १६ टक्के, म्हणजे सहांत एक, उणे १ च्या खाली असणारच. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रियांची तुलना त्यांच्याच वयाच्या स्त्रियांशी करतात. त्या आकड्याला झेड-स्कोअर म्हणतात. शिवाय टाचेच्या यंत्रात ध्वनिलहरी वापरतात. ते खनिज मोजत नाही. खुबा, कणा किंवा मनगटाजवळचे हाड यांच्या डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या मोजणीसाठी, आखलेले पट्टे त्याला लावता येत नाहीत. बाईंना दोन्ही बाजूंनी चुकीची फूटपट्टी लागली.

डेक्सासुद्धा खरी घनता मोजत नाही, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. ते यंत्र हाडाची सावली पाहते आणि खनिजाच्या वजनाला सावलीच्या क्षेत्रफळाने भागते. एकाच द्रव्याचे दोन घन घ्या, दर घन सेंटिमीटरला ०.३ ग्रॅम खनिज असलेले. दोन सेंटिमीटर बाजूच्या घनात २.४ ग्रॅम, सावली ४ चौरस सेंटिमीटर, उत्तर ०.६. तीन सेंटिमीटरच्या घनात ८.१ ग्रॅम, सावली ९, उत्तर ०.९. द्रव्य तेच, पण लहान हाड ‘विरळ’ ठरले! लहान चणीच्या बाईला गोऱ्या स्त्रियांच्या सरासरीशी ताडताना हे विसरून चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासातून २०१० मध्ये भारतीयांसाठी वेगळी संदर्भमूल्ये पुढे आली. अहवालात कोणती वापरली आहेत हे विचारावे. डी जीवनसत्त्वाच्या अभावाने हाड मऊ पडले तरी आकडा उतरतो, आणि यंत्राला तो फरक कळत नाही.

उलटी चूक अधिक महाग पडते. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ६८, न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडले. डेक्सा झाली, कण्याचा टी-स्कोअर उणे ०.९. हाडे चांगली आहेत असे सांगून त्यांना घरी पाठवले. वर्षभराने त्यांची उंची चार सेंटिमीटरने घटल्याचे मुलीच्या लक्षात आले. साध्या क्ष-किरण चित्रात कमरेचा एक मणका खचलेला दिसला, बहुधा तपासणीच्या वेळीही तो खचलेलाच असावा. खचलेल्या मणक्यात खनिज तेवढेच राहते, सावली लहान होते, आणि भागाकार वाढतो. वयानुसार मणक्यांच्या कडांना फुटलेले हाडाचे कोंबही खनिजातच मोजले जातात. त्याच अहवालात खुब्याचा आकडा उणे २.३ होता. तो कोणी वाचलाच नव्हता. खरे तर किरकोळ पडण्याने मणका किंवा खुबा मोडला, की टी-स्कोअर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचेच असते.

शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धत २००८ पासून वापरात आहे. तीत वय, आधी मोडलेले हाड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टिरॉइडची औषधे अशा गोष्टी जमेस धरून पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढतात. घनतेचा आकडा नसला तरी ती चालते. मुख्याध्यापिकाबाईंना हे प्रश्न त्या दिवशी कोणी विचारले असते तर!

पी.टी.च्या बाईंना मी दोन घनांचे गणित फळ्यावर मांडून दाखवले. गोळ्यांचे पैसे परत मिळतील का, एवढेच त्यांनी विचारले. २६ जानेवारीचे लेझीम मात्र त्यांनीच बसवले.