गाडी धावली, पण ज्ञान झालं का?

आज आपण अभियांत्रिकीच्या मुलांच्या 'बाहा' स्पर्धेकडे एक शिक्षणपद्धती म्हणून पाहू. १९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली, पुढे भारतातही आली. इंदूरजवळ पीथमपूरला आपली मुलं गाड्या घेऊन जातात. खडबडीत रस्त्यावर चालणारी, एकट्यानं बसायची गाडी स्वतः रचायची, बांधायची आणि शेवटी ४ तासांच्या एन्ड्युरन्स फेरीत उतरवायची.

स्पर्धेची खरी हुशारी तिच्या नियमात आहे. अनेक वर्षं सर्व संघांना १० अश्वशक्तीचं एकाच प्रकारचं इंजिन असे, आणि त्यात फेरफार करायला बंदी. म्हणजे शक्ती पैशानं विकत घेता येत नाही. मग उरतं भौतिकशास्त्र. गिअरचं गुणोत्तर वाढवलं की चाकाला टॉर्क जास्त मिळतो, गाडी चढ चढते. पण सपाटीवर वेग कमी पडतो. सांगाडा जाड केला तर मजबुती येते, वजनही येतं. पुस्तकात ही प्रकरणं वेगवेगळी असतात; गाडीत ती एकमेकांशी भांडतात. हे भांडण मुलांना सोडवावं लागतं, हा या पद्धतीचा मोठा गुण आम्ही मानतो.

मात्र 'गाडी धावली म्हणजे मुलं शिकली' असं कुणी म्हटलं, की आम्ही अडतो. न्यायदर्शनात 'प्रवृत्तिसामर्थ्य' नावाची कसोटी आहे. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. मृगजळानं तहान भागत नाही. पण बरं का, तिथे ज्ञान आधी असतं, यश त्याची खात्री पटवतं. ज्ञानच उसनं असेल तर यश कुणाची खात्री देणार?

एका महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये आम्ही एका मुलाला विचारलं, "पुढचा विशबोन याच कोनात का?" तो म्हणाला, "सर, मागच्या वर्षीच्या गाडीला असाच होता." गाडी उत्तम चालत होती. ज्ञान मात्र पास होऊन गेलेल्या कुणाचं तरी होतं!

स्पर्धेत परीक्षक रचनेमागची कारणं विचारतात, हे योग्यच. पण ते वर्षातून एकदा. तोच 'का?' शिक्षकानं रोज विचारायला हवा. महाविद्यालयं दर्शनी भागात करंडक मांडतात. शेजारी तुटलेला एखादा भागही मांडावा, आणि तो का तुटला हे मुलांनी लिहिलेलं एक पान.

असो. आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न तुम्ही विचारा.