एकाच माळावर चरतात, 'म्हणून' स्पर्धा?

दिवाळीनंतर आमच्या उंब्रजकडे हायवेच्या कडेने मेंढ्यांचे कळप दिसायला लागतात. माणदेशाकडचे धनगर कोकणात निघालेले असतात. माझ्या पहिल्या आराखड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं: मेंढ्या आणि चिंकारा एकाच माळावर चरतात, म्हणून त्यांच्यात स्पर्धा आहे. गाइडनी त्या 'म्हणून'भोवती लाल गोल केला.

गोल का केला ते ओडाडी आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स'मधला २०११ चा पेपर वाचल्यावर कळलं. केनियातल्या कोरड्या गवताळ भागात १९९५ पासून चाललेला कुंपणांचा प्रयोग, ४-४ हेक्टरचे तुकडे. काहींत फक्त कालवडी, काहींत कालवडींसोबत झेब्र्यासारखे रानटी प्राणीही. कोरड्या दिवसांत सोबत चरणाऱ्या कालवडींचं वजन कमी वाढलं. पावसाळी दिवसांत मात्र जास्त! झेब्रे वाळक्या काड्या खाऊन टाकतात, मग कालवडींना कोवळं गवत सोपं मिळतं. प्राणी तेच, ऋतू बदलला की नातं उलटं.

मांडणी झकास आहे. पण माझी तक्रार अशी, की वजन फक्त गुरांचं केलंय. रानटी प्राण्यांचं काय झालं? तो प्रश्नच या पेपरचा नाही. वाचणारे मात्र 'दोघांचं जमतं' असा अर्थ काढून मोकळे होतात.

आणि तो निष्कर्ष उचलून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात (जेमतेम ५.१४ चौ. किमी.) आणता येत नाही. चिंकारा म्हणजे झेब्रा नव्हे. तो लहान, रवंथ करणारा, कोवळा पाला-शेंगा निवडून खाणारा. जाड गवत संपवणारी गाय कदाचित त्याला मदतच करेल, पण शेळी त्याच पाल्यावर येणार. हा माझा अंदाज आहे, डेटा नाही. तरी तक्त्यात 'गुरे' असा एकच रकाना करू नका, एवढं त्यावरून नक्की सांगतो.

आता धनगरांकडे परत येऊ. चारा सगळ्यात कमी असतो तेव्हा, उन्हाळ्यात, स्थलांतर करणारे कळप माळावर नसतातच. पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मी ज्यांच्यावर ठपका ठेवला होता ते ऐन टंचाईत कोकणात होते. आराखड्याच्या आधारे कुणी चराईबंदी मागितली असती तर?

नव्या आराखड्यात दोन्ही ऋतू आहेत, शेळी-मेंढी-गाय वेगळ्या आहेत, आणि चिंकाऱ्याच्या लेंड्यांतला नायट्रोजन मोजणार आहे. त्यावरून खाण्याचा कस कळतो. लेंड्या वाळवायला हॉस्टेलची गच्ची मिळते का, ते बघतोय.