विमानातील डिझेल इंजिन : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
विमानविद्येच्या इतिहासात डिझेल इंजिनाचा उल्लेख बहुधा फसलेला प्रयोग म्हणून केला जातो. उच्च दाब सोसण्यासाठी त्याची बांधणी मजबूत, म्हणूनच जड करावी लागते, हे त्याचे प्रमुख कारण सांगितले जाते. हे कारण खरे असले तरी त्यावर आधारलेला निर्णय अपुरा आहे. विमानाला इंजिनाबरोबर इंधनाचाही भार वाहावा लागतो आणि डिझेल इंजिनाला इंधन कमी लागते. त्यामुळे उड्डाण जितके दीर्घ, तितका इंजिनाच्या जादा वजनाचा तोटा भरून निघतो.

विवेचन :
अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीचे डिझेल इंजिन १९२८ मध्ये प्रथम आकाशात गेले. १९३१ मध्ये हे इंजिन बसविलेले बेलांका विमान पुन्हा इंधन न भरता ८४ तास ३२ मिनिटे हवेत राहिले. हा विक्रम १९८६ पर्यंत अबाधित होता. तथापि कंपने, धुराचा त्रास आणि पेट्रोल इंजिनांची त्याच काळातील प्रगती यांपुढे ते टिकले नाही.

जर्मनीतील युंकर्स कंपनीचे युमो २०५ हे इंजिन या संदर्भात अधिक उद्बोधक ठरते. त्याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर सरकणारे दोन दट्टे होते. युद्धात इंजिनाची शक्ती वारंवार कमी-अधिक करावी लागे. त्यामुळे युंकर्स ८६ या बॉम्बफेकी विमानात ते गैरसोयीचे ठरले. स्थिर गतीने दीर्घकाळ उडणाऱ्या डॉर्निए १८ या सागरी विमानात मात्र तेच इंजिन यशस्वी झाले. १९३८ मध्ये या विमानाने इंग्लंडच्या किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत ८,३९१ कि.मी. अंतर विनाथांबा कापले.

अलीकडच्या काळात, २००२ मध्ये, जर्मनीतील थीलर्ट कंपनीचे मोटारीच्या इंजिनावर आधारलेले डिझेल इंजिन प्रमाणित झाले. २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली व विमानमालकांपुढे हमी आणि सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. हे अपयश व्यवसायाचे होते. २००९ मध्येच ऑस्ट्रियात त्याच वर्गातील दुसरे इंजिन प्रमाणित झाले.

निष्कर्ष :
शक्ती व वजन यांचे गुणोत्तर हा एकमेव निकष मानल्यास उड्डाणाचा हेतू, इंधन आणि देखभालीची व्यवस्था दुर्लक्षित राहते. लहान विमानांच्या प्रचलित पेट्रोलमध्ये बालकांच्या मेंदूस घातक असे शिसे असते. डिझेल इंजिन जेट विमानांच्या शिसेविरहित इंधनावर चालते. या पार्श्वभूमीवर डिझेल इंजिनाचे पुनर्मूल्यांकन केवळ इतिहासाच्या अभ्यासापुरते मर्यादित राहत नाही.