वणवण आणि धग

कष्टाने माणूस घडतो, हे वाक्य मराठी आत्मचरित्रांनी इतके गिरवले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. वऱ्हाडाशी नाते असलेली दोन पुस्तके शेजारी ठेवली, की मात्र ते डळमळू लागते.

पहिले गो. नी. दांडेकरांचे ‘स्मरणगाथा’. त्याला १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९१६ साली परतवाड्यात जन्मलेला हा लेखक स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने कोवळ्या वयात घर सोडतो आणि भूक व पायपीट यांतून स्वतःला घडवतो. दुसरे उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी. शिंप्याची बायको कौतिक दारिद्र्य, नवऱ्याचा महारोग आणि मुलांची पोटे यांच्याशी झुंजते. तिची सोशिकता दांडेकरांच्या निवेदकापेक्षा तसूभरही कमी नाही. तरीही तिच्या वाट्याला उन्नती येत नाही, येते ती झीज.

असे का? ‘स्मरणगाथा’तला ‘मी’ आपली कथा स्वतः सांगतो. तो तगला, हे पहिल्याच पानावर ठरलेले असते. मागे वळून पाहताना हालांना अर्थ सापडतो. कौतिकला मागे वळायला उसंतच नाही. तिचे दुःख लेखक सांगतो, आणि वऱ्हाडी संवादांतून ते जसेच्या तसे, अर्थाचा मुलामा न चढवता येते. म्हणजे ‘घडणे’ हे केवळ हालांचे फळ नव्हे. त्या हालांतून बाहेर पडून बोलता येण्याचेही ते फळ आहे.

दांडेकरांच्याच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने हा मुद्दा आणखी पुढे नेता येतो. नर्मदा सुमारे १,३०० किलोमीटर लांब. परिक्रमावासी तिला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ पायी चालतो, पात्र ओलांडत नाही, मिळेल त्या भिक्षेवर राहतो. त्याच्या वैराग्याला भाकर पुरवतात ती काठावरची गरीब घरे. एकाचे निवडलेले कष्ट असे दुसऱ्याच्या न निवडलेल्या कष्टांवर उभे असतात. त्या दारात भाकर घेऊन उभी राहणारी बाई कौतिकचीच बहीण.

याने दांडेकरांचे मोठेपण उणावत नाही. ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये ते वऱ्हाडी बोली आणि पूर्णाकाठची माणसे यांच्याकडे परतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाय तरुणपणी त्यांना गाडगे महाराजांचा सहवास लाभला होता. शेंडगावच्या या माणसाने १९०५ साली घर सोडले आणि स्वतः उघड्यावर राहून इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या. माझ्या हालांनी मला काय दिले, हा त्यांचा प्रश्न नव्हता. कुणाचे हाल कमी झाले, हा होता.

सोशिकतेच्या साहित्याची समीक्षा याच प्रश्नापासून सुरू व्हावी. नाहीतर वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ‘संकट माणसाला घडवते’ असे ऐकवण्याचे पाप आपल्या वाङ्मयाच्या माथी येईल. ‘धग’ ते होऊ देत नाही. म्हणून ‘स्मरणगाथा’ वाचून संपवली, की लगेच ‘धग’ हाती घ्यावी.