कलेतिहासकारांचे अधिवेशन : स्थळ, काल आणि प्रयोजन

विद्वानांची वार्षिक अधिवेशने कशासाठी भरतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अधिवेशन भरते, स्वागताध्यक्षांचे भाषण होते, शाखाध्यक्ष आपापल्या विषयाचा आढावा घेतात, निबंध वाचले जातात, आभारप्रदर्शन होते आणि पुढील वर्षीचे निमंत्रण टाळ्यांच्या गजरात स्वीकारले जाते. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, अधिवेशनाची आखणी म्हणजे निवास, भोजन, सभागृह आणि वाहने यांची व्यवस्था, असेच स्थानिक कार्यवाह समजतात. इतर शास्त्रांच्या बाबतीत ही समजूत काही अंशी खपून जाईल. कलेतिहासाच्या बाबतीत ती अपायकारक आहे, असे आमचे मत आहे. या मताची चर्चा नागपूरच्या दक्षिणेस वसलेला मिहानचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून करण्याचे येथे योजिले आहे. असे अधिवेशन विदर्भात भरवावयाचे झाल्यास आजकाल प्रथम याच परिसराचे नाव सुचावे, हे स्वाभाविक आहे.

कलेतिहासकारांच्या एकत्र जमण्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला, तर या विद्येला अधिवेशनाची गरज का भासली हे ध्यानात येते. हान्स होल्बाइन या चित्रकाराच्या एकाच मातृचित्राच्या दोन प्रती जर्मनीत होत्या, एक ड्रेस्डेन येथे व दुसरी डार्मश्टाट येथे. दोहोंपैकी अस्सल कोणती, यावर कित्येक वर्षे लेखणीयुद्ध चालले होते. अखेर 1871 साली ड्रेस्डेन येथील प्रदर्शनात दोन्ही चित्रे एकत्र आणली गेली. जमलेल्या अभ्यासकांनी ती समोरासमोर पाहिली आणि ज्या प्रतीची थोरवी पिढ्यान्‌पिढ्या गायिली जात होती, ती ड्रेस्डेनची प्रत नक्कल असल्याचा निर्वाळा दिला. कलेतिहासाचे पहिले आंतरराष्ट्रीय अधिवेशन त्यानंतर दोनच वर्षांनी, 1873 मध्ये, व्हिएन्ना येथे भरले. या दोन घटनांचा क्रम बोधप्रद आहे. वस्तूपुढे उभे राहून निर्णय करण्याची निकड आधी जाणवली, अधिवेशनाची संस्था मागाहून आली. आज मात्र संस्था टिकून आहे आणि ती निकड विस्मृतीत गेली आहे.

नागपूरला विद्वत्परिषदांची परंपरा नवी नाही. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अधिवेशन येथे 1946 साली आणि भारतीय इतिहास परिषदेचे 1950 साली झाले. 2023 च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे 108 वे अधिवेशन नागपूर विद्यापीठाने आपल्या शताब्दी वर्षात भरविले. आज प्रचलित असलेला अधिवेशनाचा साचा प्राच्यविद्या आणि इतिहास या दोन परिषदांनी घडविला. त्या काळी तो योग्यही होता. ताम्रपटाचा पाठ, ग्रंथाची प्रत किंवा राजवंशाचा कालनिर्णय हे विषय मुख्यतः शब्दांचे आहेत. ठसा हाती असला की पाठाची चर्चा कोणत्याही सभागृहात करता येते. शिल्पाची गोष्ट वेगळी आहे. त्याची जाडी, दगडाची जात, छिन्नीच्या खुणा, मागील बाजूचा ओबडधोबडपणा आणि मूळ भिंतीत ते कोणत्या उंचीवर बसत असावे याचा अंदाज, यांपैकी बहुतेक गोष्टी पडद्यावरील छायाचित्रात येत नाहीत. असे असूनही कलेतिहासाने तोच साचा जशाच्या तसा उचलला.

हा दोष किती खोल आहे, ते विदर्भातीलच एका वादावरून दिसून येईल. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे अनेक ताम्रपट प्रवरपुर या राजधानीहून दिलेले आहेत. हे प्रवरपुर कोठे होते? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वर्ध्याजवळील पवनार हेच ते स्थान ठरविले. विनोबाजींच्या आश्रमाच्या भूमीत निघालेले शिल्पपट्ट हा त्यांचा एक मोठा आधार होता. त्या पट्टांत त्यांना रामकथेतील प्रसंग दिसले आणि प्रवरसेनाने तेथे राममंदिर बांधले असावे, असे अनुमान त्यांनी केले. पुढे यांपैकी काही पट्ट कृष्णचरित्रातील असावेत, असे मत इतर अभ्यासकांनी मांडले. शिल्पे तीच राहिली, कथा मात्र बदलली आणि कथेवर उभारलेले मंदिर डळमळू लागले.

या वादाला दुसरे वळण मनसरने दिले. रामटेकजवळील या गावाच्या टेकड्यांचा संबंध बौद्ध आचार्य नागार्जुनाशी जोडणारी श्रद्धा प्रबळ आहे आणि तिच्या प्रेरणेनेच जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेथे विस्तृत उत्खनन सुरू झाले. हिडिंबा टेकडीवर विटांचे भव्य मंदिर उघडे झाले आणि प्रवरेश्वराचे नाव असलेले मुद्रांकनही मिळाले. त्यावरून प्रवरपुर हे पवनार नसून मनसरच होय, असा पक्ष डच पंडित हान्स बाकर यांनी हिरिरीने मांडला. या पक्षाचा विचार कोठे झाला? वाकाटकांच्या वारशावरील परिषद 2002 साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे भरली आणि मनसरवरील चर्चासत्र 2008 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाले. या परिषदांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे वृत्तग्रंथ आजही प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहेत. परंतु मनसरची वीट आणि पवनारचा पट्ट एकाच दिवसात पाहण्याची सोय जगात केवळ याच भागात आहे. त्या वादाच्या निर्णायक बैठका सहा-सात हजार किलोमीटरांवर व्हाव्यात, ही गोष्ट येथील विद्यापीठांना अंतर्मुख करणारी आहे.

आता मिहानकडे वळू. ‘मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या संक्षेपाने ओळखला जाणारा हा प्रकल्प 2002 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या हाती आहे. खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव इत्यादी गावांच्या शिवारांवर तो उभा राहिला. विमानतळ लगतच आहे, खापरीपर्यंत 2019 पासून मेट्रो धावते, भारतीय व्यवस्थापन संस्थेचे दहेगाव येथील संकुल आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय ही दोन्ही 2022 मध्ये रीतसर सुरू झाली. प्रशस्त सभागृहे आणि उपाहारगृहे यांची या भागात वाण नाही. कार्यवाहाच्या दृष्टीने याहून सोयीचे स्थळ मिळणे कठीण. धोकाही नेमका या सोयीतच आहे. प्रतिनिधी सकाळी विमानाने उतरेल, वातानुकूलित सभागृहात आपला निबंध वाचील, प्रमाणपत्र घेईल आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी विदर्भाची एकही वीट न पाहता परत जाईल. असे अधिवेशन मिहानमध्ये भरले काय आणि अन्यत्र कोठे भरले काय, त्यात भेद कोणता?

तथापि या स्थळाचा एक गुण त्याच्या निर्मात्यांच्या कधी ध्यानात आला नसेल. नकाशा पुढे घेतला असता असे दिसते की, मनसर व रामटेक ही मिहानच्या ईशान्येस आणि पवनार नैर्ऋत्येस असून दोन्ही बाजूंचे अंतर जवळजवळ सारखे, म्हणजे साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. वादाचे दोन्ही पक्ष जणू समान अंतरावर हजर आहेत. पवनारच्या वाटेवर, बुटीबोरीच्या परिसरात, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळे आहेत. डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने 1960 च्या दशकात तेथे उत्खनन केले होते. रामटेकच्या वाटेवर नागपूर नगरात 1863 साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय लागते, ज्याला नागपूरकर अजूनही अजब बंगलाच म्हणतात. तेव्हा मिहानची निवड विमानतळासाठी न करता या मध्यवर्ती स्थानासाठी केली, तर ती शास्त्रदृष्ट्याही समर्थनीय ठरेल. मात्र मिहान ही अधिवेशनाची ओसरी राहावी, गाभारा होऊ नये.

यावर आक्षेप येतील आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. निबंधवाचनाचे प्रमाणपत्र नसेल तर तरुण अध्यापकास प्रवासखर्च मिळणे दुरापास्त होते, आणि पदोन्नतीच्या हिशोबातही अशा वाचनाला भाव आलेला आहे. म्हणून निबंधांची संख्या वाढतच जाते. या संख्येचा हिशोब करून पाहावा. दोन दिवस, रोज सहा तास, तीन सभागृहे आणि प्रत्येक निबंधास वीस मिनिटे धरली, तर 108 निबंध होतात. अत्यंत चिकाटीचा श्रोतादेखील त्यांपैकी 36 च ऐकू शकतो आणि चर्चेला एक क्षणही उरत नाही. ज्यात चर्चेस वाव नाही, ते वाचन टपालाने पाठविले असते तरी चालले असते. निबंध आगाऊ मुद्रित करून सर्वांच्या हाती द्यावेत, लेखकाची उपस्थिती व चर्चेतील सहभाग यांवरून प्रमाणपत्र द्यावे, आणि वाचनाचा वेळ वस्तुदर्शनाला द्यावा, हा मार्ग विद्यापीठांना मान्य होण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप असा की, दोनशे माणसे एका शिल्पापुढे उभी राहू शकत नाहीत. हे खरे आहे. परंतु वीस-वीस जणांचे गट करता येतात. प्रत्येक गटास एकच प्रश्न नेमून द्यावा, उदाहरणार्थ, अमुक पट्टातील आकृती रामकथेतील की कृष्णकथेतील? दोन भिन्न मतांचे अभ्यासक प्रत्येक गटासमवेत द्यावेत आणि सायंकाळच्या सभेत गटाने आपले निरीक्षण मांडावे. याला सहल म्हणणे चुकीचे होईल. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी ‘स्थलदर्शन’ म्हणून जो कार्यक्रम ठेवतात आणि ज्यास निम्मे प्रतिनिधी परतीच्या गाडीमुळे मुकतात, तोच कार्यक्रम पहिल्या दिवशी आणून ठेवणे, एवढीच ही सुधारणा आहे.

पाहणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण रामटेकच्या टेकडीवरच आहे. तेथील केवल नरसिंहाच्या मंदिरात भाविकांची ये-जा शतकानुशतके चालू होती. तेथील भिंतीवरील वाकाटककालीन शिलालेख मात्र गिलाव्याखाली दडलेला होता. 1980 च्या दशकात तो उजेडात आला आणि प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाचा इतिहास, तसेच ‘प्रभावतीस्वामी’ या नावाच्या विष्णुमंदिराचे अस्तित्व ज्ञात झाले. ग्रंथालयात बसून हा लेख कोणासही सापडला नसता.

कालाचा विचारही असाच वस्तूपासून सुरू झाला पाहिजे. वैशाखातील नागपूरच्या उन्हात हिडिंबा टेकडीच्या उघड्या विटांवर चर्चा संभवत नाही, आणि पावसाळ्यात तेथील वाट निसरडी होते. आश्विनात दीक्षाभूमीवर लक्षावधी लोक येतात. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नगरातील निवासस्थाने व्यापून टाकते. कार्तिकी पौर्णिमेस रामटेकची यात्रा असते. उरतो तो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. त्या दिवसांत सकाळचा प्रकाश तिरपा पडतो आणि उथळ उठावाची शिल्पे वाचावयास तो उत्तम असतो. संरक्षित स्थळी प्रवेश, संग्रहालयाच्या भांडारातील वस्तू बाहेर काढणे आणि छायाचित्रणाची अनुज्ञा यांसाठी निदान सहा महिने आधी पत्रव्यवहार करावा लागतो. कार्यवाहाने पहिले पत्र भोजनगृहास न लिहिता संग्रहालयाच्या अभिरक्षकास लिहावे.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधून हा लेख पुरा करतो. ही स्थळे केवळ अभ्यासकांची नाहीत. पवनारला ज्या पट्टाविषयी पंडित वाद घालतात, तोच पट्ट आश्रमात भरत-राम भेटीचा म्हणून पूजिला जातो. मनसरच्या टेकडीकडे हजारो बौद्ध उपासक नागार्जुनाचे स्थान म्हणून पाहतात. या लोकांसमक्ष बोलावयाचे तर त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखून बोलावे लागेल. यास्तव अधिवेशनाचे निदान एक सत्र संपूर्ण मराठीत आणि खुले असावे. मिराशींनी वाकाटकांवरील आपला ग्रंथ 1957 साली प्रथम मराठीत दिला आणि त्या वंशाच्या लेखांचा इंग्रजी खंड 1963 मध्ये प्रसिद्ध केला, याचे विस्मरण विदर्भाच्या विद्यापीठांना तरी होऊ नये.

दुसरी गोष्ट वृत्तग्रंथाची. चित्रफलकांवाचून छापलेला कलेतिहासाचा निबंध हा दिवाणी दाव्यातील पुराव्यावाचूनच्या कैफियतीसारखा असतो. खर्चाला कात्री लावावयाची असेल तर ती मानचिन्हांना व शालींना लावावी, चित्रफलकांना लावू नये. गटांनी केलेली निरीक्षणे, त्यांतील मतभेदांसह, वर्षाच्या आत छापली गेली पाहिजेत.

पवनार की मनसर, याचा निकाल एका अधिवेशनाने लागेल असे आम्ही म्हणत नाही. कदाचित दोन्ही पक्षांना आपली मते सुधारून घ्यावी लागतील. परंतु ज्या विद्यार्थ्याने एकाच आठवड्यात दोन्ही स्थळे पाहिली आणि दोन्ही पक्षांचे पंडित वस्तूपुढे उभे राहून अडखळताना ऐकले, तो पुढे जे लिहील ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहील. अधिवेशनाच्या खर्चाचे समर्थन करावयास आम्हांस एवढे फळ पुरेसे वाटते.